कर्नल आंतरपृष्ठे, विस्तारक्षम

संगणकाला जोडलेल्या उपकरणांविषयीची माहिती परिचालन प्रणालीच्या कर्नलने आज्ञावलींना ज्या ठरीव मार्गांनी द्यावयाची, त्या मार्गांना कर्नल आंतरपृष्ठे म्हणतात. पुढील काळात नव्या प्रकारची माहिती सामावून घेताना ज्या आंतरपृष्ठामुळे जुन्या आज्ञावली बंद पडत नाहीत व त्यांना चुकीची माहितीही मिळत नाही, ते आंतरपृष्ठ विस्तारक्षम होय. हार्ड डिस्कची धारणक्षमता, नेटवर्क कार्डाचा वेग, कॅमेऱ्याकडून मिळू शकणारी चित्रांची रूपे इ. माहिती अशा मार्गांनी आज्ञावलींपर्यंत पोहोचते. प्रस्तुत लेखातील उदाहरणे मुख्यतः लिनक्स या परिचालन प्रणालीतून घेतली आहेत. कारण तिच्या कर्नलची मूळ संहिता सर्वांना खुली असून तिच्यातील आंतरपृष्ठांचा इतिहास पडताळून पाहता येतो. [⟶ संगणक].

स्वरूप व गरज : परिचालन प्रणालीचे सामान्यतः दोन भाग पडतात. कर्नल हा गाभ्याचा भाग असून प्रत्यक्ष उपकरणे हाताळण्याचा अधिकार त्यालाच असतो. इतर सर्व आज्ञावली उपयोक्ता क्षेत्रात चालतात व उपकरणांविषयी काहीही जाणून घ्यावयाचे झाल्यास त्यांना कर्नलकडे विचारणा करावी लागते. ही विचारणा सिस्टिम कॉल या यंत्रणेद्वारे होते. उत्तरादाखल कर्नल आज्ञावलीच्या स्मृतीत ठरावीक मांडणीची माहिती लिहितो. या मांडणीस संरचना व तिच्या घटकांस रकाने म्हणतात.

आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर होते तेव्हा संरचनेतील प्रत्येक रकाना कोणत्या बाइटापासून सुरू होतो व किती बाइटांचा आहे, हे तिच्यात कायमचे कोरले जाते. कचेरीतील छापील नमुन्यात एखाद्या रकान्यासाठी चारच घरे छापलेली असावीत व नमुन्याच्या प्रती गावोगाव वाटल्या गेलेल्या असाव्यात, तशी ही स्थिती असते. पाच अंकी संख्या आली म्हणून मुख्य कचेरीने नमुना बदलला, तरी वाटलेल्या प्रती परत येत नाहीत. कर्नल व आज्ञावली वेगवेगळ्या व्यक्ती व संस्था तयार करतात आणि त्या वेगवेगळ्या वेळी बदलल्या जातात. परिणामी नवा कर्नल व जुनी आज्ञावली, तसेच जुना कर्नल व नवी आज्ञावली, अशा दोन्ही जोड्या व्यवहारात नेहमी आढळतात. लिनक्सच्या विकासात, पूर्वी चालत असलेली आज्ञावली कर्नलमधील बदलामुळे बंद पडता कामा नये, हा दंडक मानला जातो. म्हणून एकदा प्रसिद्ध झालेले आंतरपृष्ठ हे दीर्घकाळ पाळावयाचे वचन ठरते आणि त्यातील दोष सहजासहजी दूर करता येत नाहीत.

ऐतिहासिक विकास : बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये केन टॉम्पसन, डेनिस रिची व त्यांचे सहकारी यांनी युनिक्स प्रणालीच्या उभारणीस प्रारंभ केला. उपकरणांनाही फाइलींचे रूप द्यावयाचे, हे तिचे एक वैशिष्ट्य होते. वाचणे व लिहिणे या क्रिया अशा रीतीने सर्व उपकरणांना सारख्याच लागू झाल्या. तथापि टर्मिनलचा वेग किंवा डिस्कचा आकार विचारणे यांसारख्या क्रिया त्या चौकटीत बसत नव्हत्या. त्यांच्यासाठी १९७९ च्या सातव्या आवृत्तीत आयऑक्टल हा सिस्टिम कॉल आला. त्यात आज्ञेचा क्रमांक व स्मृतीतील एक पत्ता दिला जातो आणि त्या पत्त्यावरील माहितीची मांडणी प्रत्येक उपकरण-चालक स्वतः ठरवितो. ही मुभा फार सोयीची असल्याने आयऑक्टलांची संख्या वाढत गेली व मांडणीच्या चुकाही तितक्याच वाढल्या.

युनिक्सच्या आठव्या आवृत्तीत प्रॉक नावाच्या निर्देशिकेतून चालू प्रक्रिया फाइलींच्या रूपाने दिसू लागल्या. १९९१ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी सुरू केलेल्या लिनक्सने ही कल्पना स्वीकारली व कालांतराने प्रक्रियांखेरीज उपकरणांविषयीची पुष्कळ माहितीही तेथे मजकुराच्या रूपात येऊ लागली. डिसेंबर २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २.६ या आवृत्तीबरोबर सिसएफएस ही स्वतंत्र व्यवस्था आली. तिच्यात प्रत्येक उपकरणासाठी एक निर्देशिका व प्रत्येक गुणधर्मासाठी एक लहान फाइल असते. याच सुमारास संदेशांच्या रूपाने माहिती देणारी नेटलिंक ही यंत्रणाही नेटवर्कच्या कामांसाठी रूढ झाली होती.

अपुऱ्या रकान्यांचे परिणाम : विस्ताराचा विचार आधी न केल्यास काय घडते, हे डिस्कच्या आकाराच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. डिस्कची भूमिती सांगणाऱ्या जुन्या आयऑक्टलमध्ये सिलिंडरांच्या संख्येसाठी १६ बिटांचा रकाना होता. त्यात ६५,५३५ पर्यंतचीच संख्या मावते. १६ शीर्षे, प्रत्येक पथावर ६३ खंड व प्रत्येक खंडात ५१२ बाइट ही नेहमीची मांडणी धरल्यास ही मर्यादा सु. ३३.८ अब्ज बाइट भरते. याच मांडणीच्या ४० अब्ज बाइटांच्या डिस्कवर ७७,५०४ सिलिंडर होतात; परंतु वरचे बिट गळून गेल्यामुळे रकान्यात ११,९६८ ही संख्या उरते. या संख्येवर विसंबणाऱ्या आज्ञावलीला डिस्क सु. ६.२ अब्ज बाइटांचीच आहे असे वाटते. डिस्कचे विभाग पाडणाऱ्या आज्ञावलीच्या बाबतीत अशी गफलत गंभीर ठरते, कारण विभागाची सीमा चुकल्यास साठविलेली माहिती नष्ट होऊ शकते. पुढे अशा आज्ञावलींनी हा रकाना सोडून एकूण खंडसंख्येवरून सिलिंडर मोजण्याची पद्धत स्वीकारली.

एकूण खंडसंख्या सांगणारा आयऑक्टलही ३२ बिटी संगणकांवर अपुरा पडला. ५१२ बाइटांचा एक याप्रमाणे ३२ बिटांत मावणारे खंड सु. २.२ लाख कोटी बाइटांपाशी संपतात. मात्र येथे कर्नलने वेगळी भूमिका घेतली. संख्या रकान्यात मावत नसेल, तर ती छाटून न देता कर्नल त्रुटिसंकेत परत करतो. पूर्ण आकार ६४ बिटांत देण्यासाठी दुसरा आयऑक्टल निर्माण करण्यात आला. या दोन उदाहरणांतील फरक महत्त्वाचा आहे. त्रुटिसंकेत मिळालेली आज्ञावली थांबते किंवा दुसरा मार्ग शोधते. चुकीची संख्या मिळालेली आज्ञावली मात्र निःशंकपणे पुढे जाते.

नेटवर्क कार्डांच्या बाबतीतही असेच घडले. इथटूल या आंतरपृष्ठात कार्डाचा वेग मेगॅबिट प्रति सेकंद या एककात, १६ बिटांच्या रकान्यात दिला जात असे. १०,००० मेगॅबिटांपर्यंत अडचण नव्हती; परंतु १,००,००० मेगॅबिट ही संख्या त्यात मावत नाही. संरचनेतील राखीव जागेपैकी काही भाग घेऊन वेगाचे वरचे १६ बिट तेथे ठेवण्यात आले. फक्त मूळ रकाना वाचणाऱ्या जुन्या आज्ञावलीला या वेगाच्या जागी ३४,४६४ ही संख्या दिसते. कार्डाला साध्य असणाऱ्या जोडणीप्रकारांची यादी ३२ बिटांत, प्रत्येक प्रकाराला एक बिट अशी दिली जाई. तीही अपुरी पडली. २०१६ मध्ये लिनक्सच्या ४.६ या आवृत्तीत त्याऐवजी नवी आज्ञा आली. तिच्यात यादीची लांबी आरंभीच ठरवून टाकलेली नाही. आज्ञावली प्रथम लांबी शून्य कळविते, कर्नल आवश्यक ती लांबी ऋण संख्येने सुचवितो व आज्ञावली तेवढी जागा करून पुन्हा विचारते. २०२० मधील ५.६ या आवृत्तीपासून हीच माहिती नेटलिंकवरूनही मिळू लागली.

विस्ताराच्या पद्धती : आंतरपृष्ठ वाढते ठेवण्याच्या प्रमुख पद्धती पुढीलप्रमाणे आहेत.

(१) राखीव रकाने : संरचनेत काही जागा मोकळी ठेवून तीत शून्येच असावीत असा नियम केला जातो. कॅमेरे व तत्सम उपकरणांसाठी असलेल्या आंतरपृष्ठात उपकरणाच्या क्षमता सांगणाऱ्या संरचनेत असे राखीव रकाने आहेत. त्यांपैकी एकाला पुढे अर्थ देण्यात आला व तो अर्थ लागू असल्याचे दुसऱ्या रकान्यातील एका बिटाने सूचित केले जाते. ही पद्धत सोपी असली, तरी राखीव जागा केव्हा तरी संपतेच.

(२) आकाराची नोंद : संरचनेबरोबर तिचा आकारही कळविला जातो. विंडोज प्रणालीत अनेक संरचनांचा पहिला रकाना त्यांचा आकार सांगतो. लिनक्समध्ये २००९ साली आलेल्या, प्रक्रियकातील गणकांची माहिती देणाऱ्या सिस्टिम कॉलची संरचना प्रथम ६४ बाइटांची होती; तिच्यातही आकाराचा रकाना असल्याने पुढे ती वेळोवेळी वाढविता आली. आज्ञावलीने पाठविलेली संरचना कर्नलला ठाऊक असलेल्या संरचनेपेक्षा लहान असेल, तर उरलेले रकाने शून्य धरले जातात. ती मोठी असेल, तर जादा बाइट शून्य असल्याची कर्नल खात्री करतो व तसे नसल्यास विनंती नाकारतो. शून्याचा अर्थ ‘पूर्वीप्रमाणे’ असाच राहील, ही काळजी प्रत्येक नवा रकाना जोडताना घ्यावी लागते. २०२० मध्ये ५.६ या आवृत्तीत आलेला ओपनॅट२ हा सिस्टिम कॉल याच नियमाने चालतो. आयऑक्टलच्या ३२ बिटी आज्ञाक्रमांकातही सामान्यतः १४ बिट संरचनेच्या आकारासाठी असतात. आलेखी प्रक्रियकांचे आंतरपृष्ठ त्यांचाच उपयोग करून जुन्या व नव्या आकारांची सांगड घालते.

(३) मुखवटा : कोणते रकाने भरले आहेत हे दर्शविणाऱ्या बिटांच्या समूहास मुखवटा म्हणतात. एप्रिल २०१७ मध्ये ४.११ या आवृत्तीत आलेला, फाइलींची माहिती देणारा स्टॅटएक्स हा सिस्टिम कॉल या पद्धतीचे चांगले उदाहरण आहे. आज्ञावली हवे असलेले रकाने मुखवट्याने कळविते व कर्नल प्रत्यक्षात भरलेले रकाने तशाच मुखवट्याने परत कळवितो. फाइलीच्या विशेष गुणांसाठी आणखी एक मुखवटा आहे. एखादा गुण फाइलीत नाही, की तो असण्या-नसण्याविषयी काही सांगताच येत नाही, हा भेद त्यामुळे समजतो. २५६ बाइटांच्या या संरचनेत पुष्कळ जागा मोकळी ठेवण्यात आली होती. डिसेंबर २०२२ मधील ६.१ या आवृत्तीत तिच्यापैकी काही भागात, डिस्कशी थेट देवघेव करताना स्मृतीतील पत्ता व फाइलीतील स्थान कितीच्या पटीत असावे, ही माहिती देण्यात आली. त्यापूर्वी आज्ञावलींना याविषयी अंदाज बांधावा लागे.

(४) प्रकार, लांबी व मूल्य : नेटलिंकच्या संदेशात प्रत्येक घटकापूर्वी त्याची लांबी व प्रकार प्रत्येकी १६ बिटांत दिलेले असतात. ओळखीचा नसलेला प्रकार आढळल्यास वाचणारी आज्ञावली लांबीच्या आधारे तो ओलांडून पुढे जाते. नवे घटक कोणत्याही संख्येने जोडता येत असल्याने ही पद्धत अतिशय लवचिक आहे. मात्र तिच्यातील माहिती उलगडण्याचे श्रम अधिक असतात.

(५) सूचीबद्ध विचारणा : प्रत्येक विषयाला क्रमांक देऊन आज्ञावलीने क्रमांकानुसार विचारावे, अशीही व्यवस्था असते. इंटेल कंपनीच्या आलेखी प्रक्रियकांच्या चालकात २०१८ मध्ये आलेल्या अशा आंतरपृष्ठात एकाच वेळी अनेक विषय विचारता येतात. एखाद्या विषयासाठी लांबी शून्य दिल्यास कर्नल किती बाइट लागतील ते सांगतो आणि विषय अनोळखी असल्यास त्या नोंदीपुरताच त्रुटिसंकेत देतो. संपूर्ण विनंती त्यामुळे वाया जात नाही.

मजकुराच्या रूपातील आंतरपृष्ठे : अक्षरे व अंक यांनी लिहिलेल्या संख्येला बिटांची ठरावीक रुंदी नसते, त्यामुळे वर सांगितलेली छाटणीची अडचण आंतरपृष्ठात उद्भवत नाही. सिसएफएसमधील डिस्कच्या आकाराची फाइल कितीही मोठी संख्या दाखवू शकते. मात्र ही संख्या नेहमी ५१२ बाइटांच्या एककात असते, मग डिस्कचा स्वतःचा खंड ४,०९६ बाइटांचा का असेना. म्हणजे रुंदीचा प्रश्न सुटला, तरी एककाचा प्रश्न दस्तऐवजावर अवलंबून राहतो.

एका फाइलीत एकच मूल्य, हा सिसएफएसचा नियम आहे. नवी माहिती नव्या फाइलीत येते व जुनी आज्ञावली त्या फाइलीकडे पाहतही नाही. या सोयीची किंमतही आहे. दहा मूल्ये हवी असल्यास दहा फाइली उघडाव्या लागतात आणि त्या वाचण्याच्या दरम्यान उपकरणाची स्थिती बदलू शकते; म्हणून ती सर्व मूल्ये एकाच क्षणाची असतील अशी खात्री देता येत नाही.

याउलट प्रॉकमधील अनेक फाइलींत एकेका ओळीत पुष्कळ मूल्ये असतात. डिस्कच्या वापराची आकडेवारी देणाऱ्या फाइलीत पूर्वी १४ रकाने होते, ४.१८ या आवृत्तीत ते १८ व ५.५ या आवृत्तीत २० झाले. नवे रकाने ओळीच्या शेवटीच जोडले गेल्यामुळे आधीच्या रकान्यांचे क्रम बदलले नाहीत. तरीही ओळीत नेमके १४ रकाने असतीलच असे गृहीत धरणारी आज्ञावली अशा वेळी अडखळू शकते. मजकूर माणसाला वाचता येतो, म्हणून त्याची मांडणी सैल आहे असे समजणे धोक्याचे असते. एआरएम जातीच्या प्रक्रियकांसाठी प्रॉकमधील प्रक्रियकाच्या माहितीतून बोगोमिप्स ही ओळ २०१३ मध्ये काढून टाकण्यात आली. ती संख्या कर्नलच्या विलंब-मोजणीपुरती असून प्रक्रियकाचा खरा वेग दर्शवीत नाही, असे कारण होते व ते तांत्रिक दृष्ट्या योग्यही होते. परंतु ती ओळ वाचणाऱ्या आज्ञावली अस्तित्वात होत्या व त्या बंद पडल्या. म्हणून २०१५ च्या आरंभी ओळ पुन्हा घालण्यात आली. आंतरपृष्ठात काय मोडते, हे त्याच्या कर्त्याच्या हेतूपेक्षा आज्ञावली त्याचा उपयोग कसा करतात यावर ठरते.

अनोळखी मागणी नाकारणे : फाइल उघडण्याच्या जुन्या सिस्टिम कॉलमध्ये कर्नल अनोळखी खूण-बिटांकडे दुर्लक्ष करीत असे. त्यामुळे नवे बिट जुन्या कर्नलला दिल्यास तो ते निमूटपणे सोडून देई आणि मागितलेली सोय मिळालीच, असा आज्ञावलीचा समज होई. शिवाय जुन्या आज्ञावलींनी निष्काळजीपणे असे एखादे बिट लावलेले असण्याची शक्यता असल्याने त्या बिटाला नवा अर्थ देणेही अवघड होते. २०१३ मध्ये निनावी तात्पुरती फाइल निर्माण करण्याची सोय आली, तेव्हा तिच्या खुणेत निर्देशिकेच्या खुणेचाही मुद्दाम समावेश करण्यात आला; जुन्या कर्नलवर अशी मागणी फसावी, एवढाच त्यामागील उद्देश होता. ओपनॅट२ मध्ये अनोळखी बिट पहिल्यापासून नाकारले जातात. नेटलिंकमध्येही आज्ञावलीकडून आलेल्या अनोळखी घटकांकडे कर्नल दीर्घकाळ दुर्लक्ष करी. २०१९ मधील ५.२ या आवृत्तीपासून कठोर तपासणीची सोय झाली.

यात एक विषमता लक्षात ठेवावी लागते. उत्तरातील अनोळखी माहिती आज्ञावलीने ओलांडून जाणे सामान्यतः निर्धोक असते; परंतु विनंतीतील अनोळखी माहिती कर्नलने ओलांडून जाणे धोक्याचे असते.

मांडणी व सुरक्षितता : एकच कर्नल ३२ व ६४ बिटी अशा दोन्ही प्रकारच्या आज्ञावली चालवू शकतो, मात्र दोहोंच्या संरचना सारख्या असतीलच असे नाही. ३२ बिटांच्या रकान्यापुढे ६४ बिटांचा रकाना ठेवल्यास इंटेलच्या ३२ बिटी पद्धतीत संरचना १२ बाइटांची, तर ६४ बिटी पद्धतीत १६ बाइटांची होते. म्हणून रकान्यांची रुंदी नेमकी सांगणारे प्रकार वापरावेत व मधली जागा स्पष्टपणे नाव देऊन भरावी, असा संकेत आहे. वर उल्लेखिलेला डिस्कचा आकार ६४ बिटांत देणारा आयऑक्टलही या बाबतीत निर्दोष नाही. त्याच्या आज्ञाक्रमांकात गुंफलेला आकार संगणकाच्या रुंदीनुसार बदलणाऱ्या प्रकारावरून घेतला गेला. परिणामी ३२ व ६४ बिटी आज्ञावलींसाठी त्याचे क्रमांक निराळे झाले व कर्नलला दोन्ही सांभाळावे लागतात.

रकान्यांमधील अशी जागा शून्ये न भरता तशीच आज्ञावलीकडे गेल्यास तिच्यातून कर्नलच्या स्मृतीतील जुने बाइट बाहेर पडतात. त्यांत गोपनीय माहिती किंवा आक्रमकाला उपयोगी पडणारे स्मृतीतील पत्ते असू शकतात. त्यामुळे संपूर्ण संरचना आधी शून्य करून मगच रकाने भरणे हा सुरक्षिततेचाही नियम ठरतो.

सर्वसाधारण तत्त्वे व मर्यादा : वरील विवेचनावरून असे दिसते की, विस्तारक्षमता ही केवळ मोकळ्या जागेने साधत नाही. आपल्याला काय ठाऊक आहे व काय नाही, हे दोन्ही बाजूंना परस्परांस कळविता येणे हा तिचा खरा आधार आहे. आकार, मुखवटा व त्रुटिसंकेत ही त्याचीच साधने होत. ‘शून्य’, ‘नाही’ व ‘माहीत नाही’ ही तीन उत्तरे एकमेकांत मिसळली, की आंतरपृष्ठ मुकाट्याने खोटे बोलू लागते.

काही नियम व्यवस्थापनाचे आहेत. लिनक्सच्या दस्तऐवजांत आंतरपृष्ठांची नोंद स्थिर, चाचणीतील, कालबाह्य व काढून टाकलेले अशा चार वर्गांत केली जाते. आलेखी प्रक्रियकांच्या विभागात नवे आंतरपृष्ठ स्वीकारण्यापूर्वी त्याचा प्रत्यक्ष वापर करणारी, खुल्या संहितेची आज्ञावली तयार असावी लागते. अशा वापरातून उणिवा वचन देण्यापूर्वीच उघड होतात.

अतिरिक्त लवचिकपणालाही तोटे आहेत. कोणतीही गोष्ट मावेल असे आंतरपृष्ठ तपासण्यास कठीण असते, प्रत्येक चालक त्याचा निराळा अर्थ लावू लागतो आणि आज्ञावलींना उपकरणागणिक वेगळी वागणूक ठेवावी लागते. म्हणून अर्थ काटेकोर व मांडणी वाढती ठेवणे, हा रचनाकाराचा प्रयत्न असतो. उपकरणे उद्या कोणती माहिती देतील हे त्याला आज सांगता येत नाही. तथापि ती माहिती न समजणारी आज्ञावली तिच्यामुळे फसणार नाही, एवढी तजवीज त्याला पहिल्याच दिवशी करून ठेवता येते.